मंच काढा, सतरंजी अंथरा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर शेतकरी आणि लघुउद्योजकांच्या एका चर्चासत्राची बातमी आली. तीन रकाने बातमी, वर मोठा फोटो. मी ती दोनदा वाचली. अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, सगळं होतं. चर्चा कशावर झाली ते मात्र शेवटच्या एका ओळीत: ‘विविध विषयांवर मान्यवरांनी मार्गदर्शन केले.’ यात आपल्या बातमीदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. तिथं जे घडलं तेच त्यानं लिहिलं असणार. मीही अशा कार्यक्रमांना जात असतो. पंपाच्या कंपन्या आम्हा कारागिरांना आवर्जून बोलावतात, पिशवी आणि डायरी देतात. दहाचा कार्यक्रम साडेअकराला उघडतो, सत्कार आटपता आटपता एक वाजतो, पाहुण्यांना पुढच्या गावी जायचं असतं, आणि मग माइकवरून सांगतात की वेळेअभावी प्रश्नोत्तरं जेवणानंतर. जेवणानंतर कोण थांबतो हो?

त्या बातमीच्या निमित्तानं हे पत्र, मंच आणि अध्यक्ष नसलेल्या बैठकांबद्दल. थोडं लांबेल, पण कापायचंच झालं तर सुरुवातीचं कापा, शेवटचं राहू द्या.

मी अमळनेरला विजेच्या मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळतो. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, पिठाच्या गिरणीची, जी येईल ती. आमच्या धंद्यात वार्निश वाळेपर्यंत गिऱ्हाइकाला दुसरं काम नसतं, त्यामुळं दुकानापुढच्या बाकड्यावर कायम चार जण बसलेले. शेतकरी असतात, बोअरवाले असतात, वायरमन चहाला थांबतो, शाळेतले गुरुजी नळाची मोटार घेऊन येतात. त्या बाकड्यावर मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्या शिबिरात शिकलो नाही. अडचण एवढीच की बाकडं लहान आणि कोण कधी येईल याचा नेम नाही. माझा भाचा हिंजवडीला कंपनीत आहे. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, मामा, हे तुझं बाकडं जगभर चालतं, फक्त त्याला नियम आहेत.

त्यानं सांगितलं ते असं. हॅरिसन ओवेन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते, २०२४ साली वारले. त्यांनी १९८३ च्या सुमारास वर्षभर खपून एक मोठी परिषद भरवली. संपल्यावर लोकांना विचारलं, सगळ्यात चांगलं काय झालं? सगळे म्हणाले, कॉफीची सुट्टी. वर्षभराच्या मेहनतीची ही पावती! दुसरा कोणी असता तर रुसून बसला असता. ओवेन यांनी १९८५ साली अख्खी परिषदच कॉफीच्या सुट्टीसारखी भरवली. वक्ते ठरवले नाहीत, विषयही नाहीत. लोक गोलात बसले, ज्याला जे बोलायचं त्यानं ते कागदावर लिहून भिंतीला लावलं, आणि ज्याला ज्यात रस तो तिकडं गेला. नियम चार-पाचच. जे आले तेच योग्य लोक. सुरू होईल तीच योग्य वेळ. संपलं की संपलं. आणि सगळ्यात महत्त्वाचा दोन पायांचा नियम: जिथं आपण शिकतही नाही आणि काही देतही नाही तिथून उठून दुसरीकडं जावं, कोणी राग मानू नये. तरुणपणी ते लायबेरियातल्या एका खेड्यात राहिले होते. समिती नाही, व्यासपीठ नाही, तरी गावाचा सोहळा नीट पार पडतो हे त्यांनी तिथं पाहिलं होतं.

पुढं २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला संगणकवाल्या पोरांनी याच धर्तीवर ‘बारकॅम्प’ नावाचा मेळा भरवला. निमंत्रितांच्या एका बड्या मेळाव्यात बोलावणं नाही म्हणून यांनी आठवडाभरात आपला वेगळा मांडला. अट एकच, नुसतं बघायला यायचं नाही. वर्षभरात ते लोण बंगळूर-पुण्यापर्यंत आलं. भाचा तिथं जात असे. पण मी त्याला विचारलं, तिथं कोण येतं? म्हणाला, सगळे आमच्याच लाइनचे. म्हणजे संगणकवाला संगणकवाल्याला सांगणार. ते चांगलंच आहे, पण सराफ सराफाला रोजच भेटतो. सराफ आणि लोको पायलट, म्हणजे रेल्वेचं इंजिन चालवणारा, कधी भेटतात? तिकिटाच्या खिडकीपाशीसुद्धा नाही.

खरं सांगायचं तर असं काही भरवायला खान्देशाला अमेरिकेची गरज पडू नये. पांझरा नदीवरची फड पद्धत काही शतकं चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि शेतांचे फड, म्हणजे पट्टे, पाडलेले. कुठल्या फडात यंदा कोणतं पीक हे शेतकरी एकत्र बसून ठरवायचे. एकट्याची मर्जी तिथं चालत नसे, कारण पाणी सगळ्यांचं. पाणी सोडायला पाटकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना शेतकरीच द्यायचे. सरकारी पाटबंधारे खातं जन्मायच्या आधीपासून साक्री तालुक्यातली गावं हे चालवत होती.

तर आम्ही काही जणांनी मागच्या वर्षी पोळ्यानंतरच्या एका रविवारी हा प्रकार आमच्याकडं करून पाहिला, आणि मग अधूनमधून करत राहिलो. जागा मिळाली ती जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, शेडची. दसऱ्यापर्यंत जिनिंग बंद असते, शेड रिकामं, मालक ओळखीचा. आढ्याला मागच्या हंगामाची रुई लोंबत होती. विषय लावायला मोठा कागद हवा होता, तर कोणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचं जुनं फ्लेक्स आणलं. ते उलटं करून भिंतीला ठोकलं, पांढऱ्या बाजूवर मार्करनं चौकटी आखल्या. आडव्या ओळीत शेडचे चार कोपरे, उभ्या ओळीत तीन वेळा. एका वेळेला पाऊण तास. मध्ये चहा. ज्याला काही सांगायचंय किंवा विचारायचंय त्यानं चिठ्ठी लिहायची आणि रिकाम्या चौकटीत चिकटवायची. वेळ सांभाळायला एक माणूस नेमला, हातात शाळेची घंटा. त्याला सगळे पाटकरी म्हणू लागले, ते नाव आपोआपच पडलं.

पहिली अर्धी घटका फ्लेक्स कोरंच राहिलं. आपल्याकडं माणसाला विचारलं की तुला काय येतं, तर तो खाली बघतो. ‘आप्पा, हाई तं आमनं रोजनं काम शे, त्यात काय सांगणं?’ असं एक वायरमन म्हणाला. मग आम्ही चिठ्ठीचा मजकूर बदलला. काय येतं हे लिहू नका, कुठं अडतं ते लिहा. दहा मिनिटांत फ्लेक्स भरलं. हा बदल आमचा, हॅरिसन ओवेनचा नाही, आणि खान्देशात दुसऱ्या कोणाला असं काही करायचं असेल तर त्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

एका चिठ्ठीवर होतं: ‘एकाच डीपीवरच्या मोटारी एकाच रात्री का जळतात?’ डीपी म्हणजे शेतांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. मी जळालेली वाइंडिंग पोत्यात घालून नेली होती. ती सतरंजीवर मांडली. जळालेली मोटार उघडली की कारण डोळ्यांना दिसतं. तारांच्या स्टार जोडणीत विजेच्या तीन फेजपैकी एक गेला असेल तर दोन फेजच्या तारेच्या गुंड्या काळ्या ठिक्कर होतात आणि तिसऱ्या फेजची तार नव्यासारखी तांबूस राहते. डेल्टा ही दुसरी जोडणी असेल तर उलट, एकाच फेजच्या गुंड्या जळतात. सगळीकडून सारखी काळी पडली असेल तर लोड जास्त झाला किंवा व्होल्टेज पडलं. एवढं मी सांगितलं. पुढचं वायरमननं सांगितलं, तो मघाचाच, खाली बघणारा. म्हणाला, तुम्ही सगळ्यांनी ऑटो स्विच बसवलेत. रात्री लाइट येते तेव्हा डीपीवरच्या सगळ्या मोटारी एका क्षणी उचलतात. चालू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. डीपी दबते, व्होल्टेज पडतं, मोटार फिरत नाही, नुसती गुरगुरते आणि तापते. वरून कोणी कपॅसिटर लावत नाही, लावला तरी जळाल्यावर बदलत नाही. त्यावर एक म्हातारे शेतकरी म्हणाले, स्विच काढला तर रात्री दोनला थंडीत विहिरीवर जायचं कोणी, तू? वायरमन निरुत्तर. शेवटी दूध डेअरीवर काम करणाऱ्या पोरानं विचारलं, सगळ्यांचे स्विच एकदम उचलण्याऐवजी प्रत्येकाच्या टायमरला दोन-दोन मिनिटांचं अंतर ठेवलं तर? डेअरीत कॉम्प्रेसर ते तसेच एकामागून एक सुरू करतात. एवढ्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं असं नाही, पण डीपीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांनी एका जागी बसून ते कबूल करावं लागतं, आणि माझ्या दुकानात ते एकेकटे येतात. त्या दिवशी त्या डीपीवरचे बहुतेक जण तिथंच बसलेले होते. बँकेत पीककर्ज बघणाऱ्या एक ताई मागे बसून ऐकत होत्या. त्यांनी वहीत लिहून घेतलं की मोटार भरायला एका वेळेला किती खर्च येतो. कर्ज देताना हा प्रश्न आपण शेतकऱ्याला कधी विचारलाच नाही, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या कोपऱ्यात भुसावळचे एक निवृत्त लोको पायलट होते. त्यांना वाटत होतं आपल्याकडं सांगण्यासारखं काही नाही, गाडी चालवली आणि घरी आलो. कोणीतरी विचारलं, रात्री डोळा लागत नाही का? त्यावर त्यांनी सांगितलं की सिग्नल दिसला की लोको पायलट आणि सहायक दोघांनीही तो हात दाखवून मोठ्यानं म्हणायचा असतो. ‘डबल यलो.’ ‘डबल यलो.’ म्हणजे पुढचा सिग्नल सावध करणारा आहे. एकट्या पिवळ्याला पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेवायची. नुसतं डोळ्यानं बघितलेलं मन गाळून टाकतं, तोंडानं म्हटलेलं गाळता येत नाही, दुसरा ऐकत असतो ना. वर्षानुवर्षं जोडीला असलेल्या माणसासमोर तेच ते ओरडायचं म्हणजे वेडेपणा वाटतो, पण ते सोडायचं नाही, असं ते म्हणाले. ऐकणाऱ्यांत एका खासगी दवाखान्यातल्या सिस्टर होत्या. त्यांनी तिथल्या तिथं विचारलं, इंजेक्शन भरताना आम्ही दोघी असतो, मी औषधाचं नाव आणि मात्रा मोठ्यानं म्हटलं आणि तिनं परत म्हटलं तर? पुढच्या बैठकीला त्या आल्या तेव्हा सांगत होत्या की रात्रपाळीच्या मुलींनी पहिल्यांदा हसून घेतलं, मग सवय लागली. पेशंटचे नातेवाईक घाबरतात म्हणून आता हळू आवाजात म्हणतात.

हे काही आमच्या शेडचं नवल नाही. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी फेरारीच्या शर्यतीच्या मिस्त्रींकडून असंच शिकून घेतलं होतं. हृदयाची शस्त्रक्रिया झालेलं मूल ऑपरेशन थिएटरमधून अतिदक्षता विभागात नेऊन तिथल्या लोकांच्या ताब्यात देताना चुका होत. शर्यतीत गाडी आत आली की काही सेकंदांत चाकं बदलून जाते, कोणी कोणाच्या पायात येत नाही, कारण कोणी काय करायचं हे आधी ठरलेलं असतं आणि एकच माणूस सगळ्यांवर नजर ठेवतो. डॉक्टरांनी ती पद्धत उचलली, चुका कमी झाल्या, २००७ साली त्यावर शोधनिबंध छापला. डॉक्टर लोक मिस्त्रींच्या दारात गेले हे वाचून मला किती बरं वाटलं ते लिहीत नाही, नाहीतर आपण ते कापाल.

आणि शिरपूर तर आपल्या शेजारी आहे. तिथं २००४ नंतर नाले खोल-रुंद करून पाणी मुरवण्याचं जे काम झालं त्यामागं सुरेश खानापूरकर नावाचा भूवैज्ञानिक होता. तापीच्या गाळाच्या जमिनीत वरच्या चिकणमातीच्या थरामुळं पावसाचं पाणी खालच्या वाळूपर्यंत पोचत नाही, तो थर फोडला की पोचतं, हे दगडमातीचं शिकलेला माणूस सांगू शकला. पण असा माणूस आणि विहीर आटलेला शेतकरी एकाच सतरंजीवर बसायची व्यवस्था आपल्याकडं कुठं आहे? बसले तर योगायोगानं.

फवारणीच्या कोपऱ्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते तो दिवसभरातला सगळ्यात मोलाचा पाऊण तास होता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. आमच्याकडंही दरवर्षी कोणी ना कोणी फवारून आल्यावर आडवा होतो, फक्त बातमी होत नाही. चिठ्ठी एका डॉक्टरांनीच लावली होती: ‘तुम्ही पंपात नेमकं काय काय कालवता?’ शेतकरी आधी हसले, मग सांगू लागले. एक कीटकनाशक, त्यात दुसरं, वर बुरशीनाशक, वर टॉनिक, त्यात दुकानदारानं दिलेली बिनलेबलची बाटली. अळी मरत नाही म्हणून झाकणाचं माप दुप्पट. डॉक्टर लिहून घेत होते. म्हणाले, तुम्ही दवाखान्यात येता तेव्हा एवढंच सांगता की ‘औषध चढलं’. कोणतं, ते सोबतच्या माणसाला माहीत नसतं. प्रत्येक विषाचा उतारा सारखा नसतो. काही गटांना ॲट्रोपिनसारखं औषध लागू पडतं, काहींना नेमका उताराच नाही, नुसती लक्षणं सांभाळावी लागतात. म्हणून पेशंटबरोबर रिकामी बाटली आणा, बाटली नसेल तर लेबल फाडून खिशात घाला, ते जमत नसेल तर मोबाइलवर फोटो काढा. आणि अंगातले कपडे काढून साबणानं धुतल्याशिवाय त्याला गाडीवर बसवू नका, कातडीतून विष आत जातच राहतं. यावर फवारणीला रोजानं जाणारा एक पोरगा उठला. तो बराच वेळ कडेला उभा होता. म्हणाला, साहेब, बाटली मालकाच्या घरी राहते, आम्हाला बादलीत कालवलेलं मिळतं. सगळे गप्प. हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, कृषी खात्याच्या सहायकाला नव्हतं, आणि मालक मंडळी सतरंजीकडं बघत होती. त्या दिवसापासून निदान आमच्या ओळखीतल्या काही शेतांत बादलीशेजारी बाटली ठेवतात. सगळीकडं ठेवत नाहीत, तेही लिहितो.

आता कुरबुरी. त्याही सांगायला हव्यात, नाहीतर हे पत्र जाहिरात वाटेल. दोन पायांचा नियम आपल्याकडं अजिबात चालत नाही. वयानं मोठा माणूस बोलत असताना उठून जाणं हे आपल्याला जमत नाही आणि जमूही नये. एक निवृत्त गृहस्थ ठिबकावर बोलता बोलता आणीबाणीपर्यंत पोचले, आणि दहा माणसं माना डोलवत बसून राहिली. शेवटी तोडगा निघाला तो चहाचा. चहाचं पातेलं मुद्दाम शेडच्या मधोमध ठेवलं. आता ज्याला उठायचंय तो चहाला उठतो आणि परत येताना दुसऱ्या कोपऱ्यात बसतो, कोणाचा अपमान होत नाही. चहाचा खर्च वाढला तेवढा.

पावसाची सर आली की पत्र्याखाली कोणाचंच ऐकू येईना. लोक आपोआप जवळ सरकले, एवढाच त्यात फायदा.

बायका पहिल्यांदा आल्याच नाहीत. सकाळी नऊची वेळ ठेवणारे सगळे पुरुष, मग कशा येतील? वेळ दुपारी दोनची केली, आणि एका आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेनं, पहिली चिठ्ठी लावली, तेव्हापासून येतात. बचत गटाच्या एका ताईंनी बिबडीच्या, म्हणजे खान्देशी पापडाच्या, ज्वारीचं आंबणं कधी बरोबर झालं हे वासावरून कसं ओळखायचं ते सांगितलं, आणि डाळ मिलमध्ये काम करणाऱ्यानं धान्यातला ओलावा यंत्रानं कसा मोजतात ते. दोघं पाऊण तास भांडले. नाक जिंकलं की यंत्र ते अजून ठरलेलं नाही.

सगळ्यात मोठा आक्षेप येतो तो शिकलेल्या लोकांकडून. ज्यांना ज्ञान नाही ते एकमेकांना काय देणार, अफवाच पसरतील. ही भीती अगदीच पोकळ नाही. एका वेळी एक पाहुणा गुलाबी बोंडअळीवर रामबाण द्रव घेऊन आला, मागं डिकीत खोकी. तेव्हापासून विकायला बंदी. आणि एक रीत पाडली: बोलणाऱ्यानं आधी सांगायचं, हे मी स्वतः केलंय, की डोळ्यानं बघितलंय, की नुसतं ऐकलंय. तिसऱ्या प्रकारचं बोलायला मनाई नाही, पण तसं म्हणून बोलायचं. एवढ्यानं निम्म्या बाता आपोआप बंद झाल्या. शिवाय अफवा तर पारावर आणि मोबाइलवर अशाही पसरतातच. इथं निदान समोर ते काम करणारा माणूस बसलेला असतो, तो लगेच थांबवतो.

कोणी म्हणेल, शेतीशाळा आहेतच की. आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी हैराण झालेल्या शेतकऱ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं ती पद्धत सुरू केली. शेतकऱ्यानं बांधावर बसून स्वतः किडी मोजायच्या, मित्रकीटक ओळखायचे आणि मग फवारायचं की नाही ते ठरवायचं. आपल्याकडं कृषी खातं ती घेतं. पण तिथं विषय आधी ठरलेला आणि येणारे सगळे शेतकरी. त्यात लोको पायलट येणार नाही, सिस्टर येणार नाही, आणि बादलीवाला पोरगा आला तर मागं उभा राहील.

आमच्या गावाला मोठ्या मेळाव्यांचं वावडं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं अखिल भारतीय साहित्य संमेलन इथंच झालं, त्याच वेळी विद्रोही संमेलनही झालं. दोन्ही मांडवांत मी हिंडलो, वायरिंगच्या कामात माझीही माणसं होती. तिथं मंच असणारच, असायलाच हवा. माझं भांडण मंचाशी नाही. पंधरा माणसांनी एकमेकांचं काम समजून घ्यायचं तिथंसुद्धा आपण मंच बांधतो, याच्याशी आहे.

म्हणून दोन मागण्या. पहिली सार्वजनिक ग्रंथालयांकडं. १९६७ च्या कायद्यानं अनुदान मिळणारी ग्रंथालयं आपल्या तिन्ही जिल्ह्यांत तालुक्यातालुक्याला आहेत. सकाळी पेपर वाचणारे येतात, संध्याकाळी पुस्तक बदलणारे, दुपारी वाचनकक्षात पंखा एकटा फिरत असतो. महिन्यातून एक दुपार तो कक्ष अशा बैठकीला द्यावा. भाडं मागू नये, आम्ही झाडून देऊ. जिनिंगचं शेड दसऱ्यानंतर मिळत नाही आणि मार्चनंतर त्यात बसवत नाही, म्हणून ही विनंती. एका ग्रंथालयाला आम्ही विचारलं तर त्यांनी आधी विचारलं, अध्यक्षस्थानी कोण? कोणी नाही म्हटल्यावर अर्ज बाजूला ठेवला.

दुसरी मागणी आपल्याकडं. आपल्या ‘आजचे कार्यक्रम’ या रकान्यात पाहुण्यांची नावं छापता, तशी या बैठकांच्या चिठ्ठ्या छापा. चार ओळी पुरतील. ‘ट्रकमधून मुंबईला जाईपर्यंत केळी काळी पडते, कोणाला काही माहीत आहे का?’ एवढं छापलं तर रावेर-सावद्याकडचा एखादा घडवाहक किंवा ट्रकवाला येईल. कार्यक्रम कोणाचा आहे हे छापायची गरज नाही, कोणाचाच नाही.

पुढच्या बैठकीसाठी भिंतीवर एक चिठ्ठी आधीच लागलेली आहे, आणि तिला उत्तर देणारा अजून सापडलेला नाही. कांद्याचं बियाणं धरणाऱ्या आमच्या दोन-तीन शेतकऱ्यांच्या डोंगळ्यांवर, म्हणजे कांद्याच्या फुलांच्या दांड्यांवर, यंदा मधमाश्या फिरकल्याच नाहीत. फुलं आली, दाणा भरला नाही. फवारणीचा दोष, शेजारच्या पिकाचा, की उन्हाचा, यावर नुसते तर्क चाललेत. खान्देशात कोणी मधपेट्या ठेवणारा असेल आणि तो आपला वाचक असेल, तर त्यानं आपल्या अमळनेर कार्यालयात निरोप ठेवावा, आम्ही गाठू. मानधन नाही, शालही नाही. भरीत आणि कळण्याची भाकरी आहे, आणि गाडीभाडं आम्ही वर्गणीतून देऊ.

आपला एक वाचक,
मोटार रिवायंडिंग कारागीर, अमळनेर, जि. जळगाव